कमी पटींची मोठी करामत

बंदुकीवरची दुर्बीण म्हटली की सिनेमातला नेमबाज आठवतो. गच्चीवर आडवा पडलेला, रायफलीवर हातभर लांब नळी आणि किलोमीटरभर लांबचं लक्ष्य. प्रत्यक्षात सध्या चलती आहे ती बुटक्या स्कोपची. एक ते चार, एक ते सहा, फार तर एक ते आठ किंवा दहा पट मोठं दाखवणारी ही छोटी नळी. कमी ताकदीची, पण ताकद हवी तेवढी कमीजास्त करता येणारी. मासवणची सूर्या नदी, वाघोबाची खिंड, तारापूरचा अणुवीज प्रकल्प आणि कोल्हापूरचा ऑलिंपिकवीर या सगळ्यांशी तिच्या गोष्टीचे धागे जुळतात. वाचता वाचता एक गोष्ट पक्की होत जाते: जास्त मोठं दिसणं म्हणजे जास्त दिसणं नव्हे.

१. जगातली पहिली दुर्बीण तीनपटच होती

२ ऑक्टोबर १६०८. हॉलंडमधला चष्मे बनवणारा हान्स लिपरशे ‘लांबचं जवळ दाखवणारी’ नळी घेऊन पेटंट मागायला गेला. ती जेमतेम तीन पट मोठं दाखवायची. पेटंट मिळालं नाही, कारण ही युक्ती इतरांनाही ठाऊक होती. पण बातमी युरोपभर पसरली. पुढच्याच वर्षी गॅलिलिओनं स्वतःची दुर्बीण बनवली, तीही आधी तीनपटच. मग आठपट, मग वीसपट. म्हणजे आज ज्याला ‘लो पॉवर’ म्हणून बाजूला सारलं जातं, त्याच ताकदीनं माणसाची नजर पहिल्यांदा लांबवली.

२. नळीवरचे आकडे वाचायचे कसे?

स्कोपवर लिहिलेलं असतं: १-६×२४. पहिले दोन आकडे पटींचे. दिसणारी वस्तू एक पटीपासून सहा पटीपर्यंत हवी तशी मोठी करता येते. शेवटचा २४ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. हीच रीत बायनॉक्युलरची. ८×४२ म्हणजे आठपट आणि ४२ मिलिमीटरचं भिंग. सहापट म्हणजे काय? सहाशे मीटरवरचं झाड शंभर मीटरवर असल्यासारखं दिसणं. आता या बुटक्या स्कोपची ओळख पटवणारी खूण पाहा. २४ मिलिमीटरचं भिंग ३० मिलिमीटर जाडीच्या नळीत सहज मावतं. म्हणून तिचं तोंड मोठ्या दुर्बिणीसारखं घंटेच्या आकाराचं नसतं. पुढून नळी सरळसोट असते.

३. एकपट बनवणं सगळ्यात अवघड

एकपट म्हणजे काहीच मोठं न करणं. मग त्यात काय मोठंसं? खरी कसोटी तिथंच आहे. एकपटीवर नेमबाज दोन्ही डोळे उघडे ठेवतो. एका डोळ्यासमोर स्कोप, दुसऱ्यासमोर मोकळं जग. दोन्ही चित्रं मेंदूत तंतोतंत जुळली पाहिजेत. स्कोप ‘एक’ म्हणून १.१ पट दाखवत असेल किंवा कडेची रेष किंचित वाकवत असेल, तर मेंदू लगेच गोंधळतो आणि डोकं जड होतं. म्हणून पारखी माणूस दुकानात स्कोप आधी एकपटीवर लावतो. दाराच्या चौकटीची उभी कड त्यातून पाहतो. कड सरळ दिसली आणि स्कोपच्या आतली व बाहेरची रेघ एका ओळीत आली, की समजायचं भिंगं मन लावून घासलीत.

४. पट वाढली की मैदान आकसतं

शंभर मीटरवर पाहताना एकपटीला साधारण ३५ ते ४० मीटर रुंदीचा देखावा डोळ्यांत मावतो. सहापटीला तोच सहा मीटरच्या आसपास येतो. चोवीसपटीच्या दुर्बिणीतून तर जेमतेम दीड मीटर. हिशेब सरळ आहे. पट जितकी वाढेल, तितकं मैदान कमी. उडता पक्षी, पळता प्राणी, झुडपातून निघणारी सावली, यांतलं काही शोधायचं असेल तर आधी मैदान हवं, मोठेपणा नंतर. कमीजास्त होणाऱ्या स्कोपची सगळी गंमत यात आहे. आधी रुंद पाहून शोधा, मग पट बदलणारं कडं फिरवून जवळ आणा.

५. थरथर आणि उन्हाची लाट, दोन्ही मोठ्या होतात

दुर्बीण फक्त लक्ष्यच मोठं करत नाही. हाताची थरथर, छातीचा ठोका, श्वासाची वरखाली, सगळं तितक्याच पटीनं वाढवते. म्हणूनच हातात धरायच्या बायनॉक्युलरला दहापट ही बहुतेकांची मर्यादा. त्यावर तिवई लागते. दुसरी अडचण उन्हाची. एप्रिलच्या दुपारी पालघर-मनोर रस्त्याचं डांबर तापतं आणि त्यावरची हवा लवलवायला लागते. जास्त पटीत ती लवलव उकळत्या पाण्यासारखी दिसते आणि चित्र विरघळतं. चारपटीत तेच चित्र बऱ्यापैकी स्थिर राहतं.

६. अंधारात पाहायचंय? भागाकार करा

पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीनं भागा. २४ भागिले ६, उत्तर ४. म्हणजे सहापटीला या स्कोपमधून डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत चार मिलिमीटर जाड. आता डोळ्याची बाहुली पाहा. भर उन्हात ती दोन-तीन मिलिमीटर असते. अंधारात तरुणपणी सातेक मिलिमीटरपर्यंत उघडते आणि साठीच्या आसपास पाचेकवर थांबते. दिवसा चार मिलिमीटर भरपूर झाले. संध्याकाळी मात्र तरुण डोळ्याला ते अपुरे पडतात. उपाय सोपा: पट कमी करा. चारपटीला तोच झोत सहा मिलिमीटरचा होतो आणि चित्र उजळतं. तिन्हीसांजेला जास्त दिसावं म्हणून पट वाढवणारा माणूस उलटं करत असतो.

७. कोळ्यानं दाखवली फुली

स्कोपमधली ती प्रसिद्ध फुली कुठून आली? इंग्लंडमध्ये १६४० च्या सुमारास विल्यम गॅस्कॉइन नावाचा तरुण खगोलवेडा होता. त्याची गोष्ट अशी सांगतात, की त्याच्या दुर्बिणीत एका कोळ्यानं धागा विणला आणि तो धागा नेमका भिंगांच्या केंद्रावर आला. आकाश पाहताना ताऱ्यासोबत धागाही लख्ख दिसला. गॅस्कॉइननं त्यातून नेम धरायची आणि मोजमापाची युक्ती काढली. पण ती जगाला सविस्तर सांगायला तो उरला नाही. १६४४ मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत तो मारला गेला. कोळ्याचा धागा मात्र टिकला. बारीक, चिवट आणि एकसारखा जाड असल्यामुळे दुसऱ्या महायुद्धातही निशाणाच्या उपकरणांत खरं कोळीष्टक वापरलं जात होतं. आता फुली काचेवर कोरतात.

८. मुंबई लष्करातला कर्नल आणि अमेरिकेतली लढाई

बंदुकीवर बसणाऱ्या आटोपशीर दुर्बिणीच्या जुन्या कर्त्यांमध्ये एक नाव आपल्या मुंबई इलाख्याशी जोडलेलं आहे. लेफ्टनंट कर्नल डेव्हिड डेव्हिडसन. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात नोकरी करून ते स्कॉटलंडला परतले. त्या काळी अमेरिकेत बंदुकीच्या दुर्बिणी अख्ख्या नळीइतक्या लांब असायच्या. डेव्हिडसन यांची दुर्बीण आखूड होती आणि व्हिटवर्थ रायफलीच्या डाव्या बाजूला बसायची. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांनी हीच जोडी वापरली. ताकद किती? चारेक पट. त्या चारपटीची धास्ती उत्तरेच्या तोफखान्यानं घेतली होती.

९. दीडपटीवर उभं राहिलेलं सैन्य

१९७७ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्यानं स्टायर ऑग ही रायफल स्वीकारली. तिच्या पाठीवरच दुर्बीण होती आणि रायफल उचलायची मूठही तीच. पट फक्त दीड. आत फुली नव्हती, एक गोल कडं होतं. तीनशे मीटरवरचा १८० सेंटिमीटर उंचीचा माणूस त्या कड्यात बरोबर मावायचा. अंतराचा अंदाज आणि नेम दोन्ही एका नजरेत. रशियाच्या ड्रॅगुनोव्ह रायफलीवरची पीएसओ-१ ही दुर्बीणही ४×२४ च. तिच्यात १.७ मीटर उंचीच्या माणसावरून अंतर काढायची वक्र पट्टी आहे. आणि अगदी अलीकडचं पाहा. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यानं आपल्या नव्या रायफलीसाठी जी दुर्बीण निवडली, ती १-८×३० आहे. अंतर मोजणारं लेझर आणि गणित करणारा संगणक आत घातला, तरी सुरुवात एकपटीपासूनच ठेवली.

१०. फुली वाढू द्यायची की नाही?

पट बदलताना काही स्कोपमध्ये फुलीही चित्रासोबत मोठी होते, काहींत जशीच्या तशी राहते. फुली पटी वाढवणाऱ्या भिंगांच्या पुढे आहे की मागे, यावर ते ठरतं. पुढे असेल तर ती वाढते आणि तिच्यावरच्या खुणा कोणत्याही पटीला खऱ्या राहतात. पण एकपटीला ती इतकी बारीक होते की झाडोऱ्यात हरवते. मागे असेल तर फुली कायम ठसठशीत, पण खुणांचं माप साधारणतः सर्वोच्च पटीलाच खरं. जवळच्या कामाला मागची बरी आणि अंतर मोजत लांब नेम धरायचा असेल तर पुढची. दोन्ही सुखं एका काचेत मिळत नाहीत. आपलं काम कोणतं हे आधी ठरवायला लागतं.

११. कोनांची भाषा

स्कोपवरची नेम सरकवणारी चकती फिरवली की ‘टिक’ असा आवाज येतो. एक टिक म्हणजे किती? एका अंशाचे साठ भाग केले की एक मिनिट. शंभर मीटरवर त्याची रुंदी २.९ सेंटिमीटर. दुसरं माप ‘मिल’, म्हणजे अंतराचा हजारावा भाग. शंभर मीटरवर ते दहा सेंटिमीटर. मिलवाल्या स्कोपची एक टिक ०.१ मिलची असते. शंभर मीटरवर एक सेंटिमीटर, तीनशेवर तीन. दशमानात वाढलेल्या आपल्या डोक्याला हे माप झटकन पचतं.

गंमत म्हणजे निरोगी डोळ्याची बारकाईही साधारण एक मिनिटाचीच असते. आता हिशेब करा. पॉइंट टू-टू गोळीचं भोक ५.६ मिलिमीटरचं. पन्नास मीटरवर ते सुमारे ०.४ मिनिट भरतं. नुसत्या डोळ्याला ते सुटं दिसणार नाही, पण तीनपट झाली की मर्यादेच्या आत आलं. म्हणजे अशा कामाला पंचवीसपटीची गरजच नाही.

१२. भुवईचं अंतर

बायनॉक्युलरला डोळा जवळजवळ टेकवावा लागतो. १५ ते २० मिलिमीटर अंतर पुरतं. रायफलीवरच्या स्कोपला आठ ते दहा सेंटिमीटर लागतात, कारण बार उडाला की रायफल मागे येते. डोळा फार जवळ असेल तर स्कोपची कड थेट भुवईवर आदळते आणि चंद्रकोरीसारखी खोक पडते. म्हणून स्कोप निवडताना हे अंतर आधी विचारावं. कमी पटीवर डोळा जरा पुढेमागे किंवा डावीउजवीकडे झाला तरी चित्र टिकतं. जास्त पटीवर लगेच काळी सावली येते. घाईत खांद्याला लावायच्या हत्याराला कमी पट मानवते, त्याचं हे आणखी एक कारण.

१३. जांभळी झाक फुकटची नाही

चांगल्या भिंगावर जांभळी-हिरवी झाक दिसते. ती शोभेसाठी नसते. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरले तर एक तृतीयांश प्रकाश वाटेतच गळाला. १९३५ मध्ये झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुलानं काचेवर अतिशय पातळ लेप चढवायची रीत काढली आणि ही गळती आटोक्यात आली. आज अनेक थरांचे लेप असतात आणि एका पृष्ठभागावरची गळती अर्ध्या टक्क्याखाली येते. म्हणून दोन स्कोपचे आकडे सारखे असूनही एकातून पाटीवरचं अक्षर लख्ख आणि दुसऱ्यातून धुरकट दिसतं. फरक आकड्यांत नसतो, लेपात आणि काचेत असतो.

१४. ट्रिटियम आणि तारापूर

अंधारात काळी फुली काळ्या झाडीवर दिसत नाही. म्हणून तिच्या मध्यावर लाल किंवा हिरवा ठिपका पेटवतात. बहुतेक स्कोपमध्ये त्यासाठी घड्याळातल्यासारखी गोल बॅटरी असते. काही लष्करी दुर्बिणींना बॅटरीच नसते. त्यांच्यात ट्रिटियम वायूची इवलीशी कुपी असते. ट्रिटियम हा हायड्रोजनचा किरणोत्सारी भाऊबंद. त्याचे किरण कुपीच्या आतल्या लेपावर पडतात आणि लेप चमकतो. त्याचं अर्धआयुष्य १२.३ वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात उजेड निम्म्यावर येतो. हेच ट्रिटियम जड पाण्याच्या अणुभट्ट्यांत आपोआप तयार होत राहतं. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ च्या, साध्या उकळत्या पाण्याच्या. २००५ आणि २००६ मध्ये सुरू झालेल्या चौथ्या आणि तिसऱ्या भट्टीत मात्र जड पाणी आहे. बोईसरच्या बाजारात उभ्या असलेल्या माणसापासून काही किलोमीटरवर हे अणुविज्ञान रोज घडत असतं.

१५. पावसाळा हाच खरा परीक्षक

पालघरच्या पट्ट्यात जूनपासून चार महिने हवा ओलसर. एसीच्या गाडीतून दुर्बीण बाहेर काढली की भिंगावर वाफ धरते. बाहेरची वाफ पुसता येते, आतली येत नाही. म्हणून चांगल्या स्कोपमध्ये हवा काढून नायट्रोजन किंवा आर्गॉन वायू भरतात आणि रबरी कड्यांनी तोंड बंद करतात. आत ओलावाच नाही, तर वाफ कुठून येणार? त्याहून मोठा शत्रू बुरशी. कोकणच्या दमट कपाटात चामड्याच्या पेटीत बंद ठेवलेल्या भिंगावर ती जाळं धरते आणि लेप खाते. उपाय स्वस्त आहे: हवाबंद डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या. चामड्याची पेटी पावसाळ्यात वापरू नये. खरेदी करताना ‘नायट्रोजन भरलंय का?’ हा प्रश्न आपल्याकडे पटींच्या प्रश्नाआधी विचारायला हवा.

१६. ऑलिंपिकची दुर्बीण: शून्य पट

१ ऑगस्ट २०२४. फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर स्वप्नील कुसाळेनं पन्नास मीटर थ्री पोझिशन रायफलीत ४५१.४ गुणांसह कांस्य जिंकलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा, तेव्हा मध्य रेल्वेत टीसी. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आणि त्याच्या रायफलीवर दुर्बीण नव्हती! ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत मोठं दाखवणारी भिंगं चालतच नाहीत. मागे बारीक भोकाची चकती, पुढे एक गोल कडं. त्या कड्यात लक्ष्याचा काळा गोल मधोमध बसवायचा. बारीक भोकातून पाहिलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही रेखीव होतं, एवढीच काय ती मदत.

लक्ष्य केवढं? पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर. दहा मीटर एअर रायफलीत तर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा! तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील ऑक्टोबर २०२२ मध्ये कैरोत दहा मीटर एअर रायफलीचा विश्वविजेता झाला. अभिनव बिंद्रानंतर हा मान मिळवणारा तो दुसरा भारतीय. त्याचे वडील पालघर जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक होते. सगळी कमाई नुसत्या डोळ्याची, श्वासाची आणि सरावाची. दुर्बीण नेम दाखवते, धरत नाही.

१७. वाघोबाची खिंड आणि बेशुद्धीची बंदूक

पालघरहून मासवणकडे निघालं की वाटेत वाघोबाची खिंड लागते. खिंडीत वाघोबाचं देऊळ आहे. वारली समाज पिढ्यान्‌पिढ्या या देवाला मानत आला आणि या डोंगरांत बिबट्यांसोबत राहत आला. शिकारीचा काळ संपला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बिबट्यासारखं रानातलं जनावर मारणं हा गुन्हा आहे. आता बिबट्या विहिरीत पडला किंवा घरात शिरला, तर वनखातं येतं आणि सोबत पशुवैद्य.

त्या पशुवैद्याच्या हातातली बंदूक गोळी मारत नाही, औषधाची सुई मारते. तिला ढकलतो दाबलेला वायू, म्हणून सुईचा वेग कमी आणि पल्ला थोडा. काम बहुधा दहा ते तीस-चाळीस मीटरमध्ये चालतं. सुई मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूतच बसली पाहिजे. पोटात किंवा डोक्यात गेली तर जनावर जिवाला मुकू शकतं. इतक्या जवळ बारापटीची दुर्बीण लावली तर नळीत नुसते ठिपके दिसतील, बिबट्याचा कुठला भाग समोर आहे हेही कळणार नाही. इथं एक ते चार पट, नाहीतर नुसता लाल ठिपका दाखवणारी साधी काचच उपयोगी. महाराष्ट्रात संजय गांधी उद्यानाच्या आणि जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या पथकांनी अशी सुटका कित्येकदा केली आहे. रायफलीवरच्या छोट्या दुर्बिणीचा याहून चांगला उपयोग शोधून सापडणार नाही. ती इथं जीव वाचवायला नेम धरते.

१८. एका छर्‍यानं घडवलेला पक्षितज्ज्ञ

मुंबईच्या खेतवाडीत जन्मलेल्या सलीम अलींच्या हातात लहानपणी खेळण्यातली एअरगन होती. १९०८ च्या सुमारास त्यांनी एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी? उत्तरासाठी मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडलं. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेत डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी पोराला कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. पुढं त्याच पोरानं भारताचे पक्षी जगाला समजावून सांगितले. बंदुकीच्या नेमावरून सुरू झालेली ही वाट दुर्बिणीकडे वळली. आज आपल्यातल्या बहुतेकांसाठी वाट तीच आहे. बंदुकीचा परवाना नको, फक्त बायनॉक्युलर हवा आणि थोडी भल्या पहाटेची सवय.

१९. सूर्या नदीच्या काठी ८×४२

सह्याद्रीतून जव्हारच्या डोंगरांकडून येणारी सूर्या मासवणजवळून वाहत पुढे वैतरणेला मिळते. तिचं पाणी पालघरपासून वसई-विरारपर्यंतच्या घरांत पोचतं. हिवाळ्यात सकाळी नदीकाठी उभं राहावं. तारेवर खंड्या आणि वेडा राघू, खडकावर पंख पसरून वाळवणारा पाणकावळा, पाण्याच्या कडेला ढोकरी, शेपूट हलवत फिरणारे धोबी, वर हवेत जागच्या जागी फडफडणारी कापशी घार. केळवे, शिरगाव, सातपाटीच्या किनाऱ्यावर गेलात तर विटकरी पाठीची ब्राह्मणी घार आणि थंडीत आलेले कुरव.

हे सगळं पाहायला आठपट पुरते. ८×४२ मधून शंभर मीटरवर सुमारे तेरा मीटरचा देखावा मावतो आणि प्रकाशाचा झोत सव्वापाच मिलिमीटरचा, म्हणजे पहाटेलाही भरपूर. खिशात मावणाऱ्या ८×२१ चा झोत अडीच मिलिमीटरच्या आसपास, दुपारी ठीक, सकाळी मंद. एक काळजी मात्र घ्या. तारापूरच्या प्रकल्पाच्या बाजूनं दुर्बीण किंवा कॅमेरा रोखू नका. तो संरक्षित भाग आहे आणि तिथल्या पहाऱ्याचं काम सोपं ठेवणं आपलंही काम आहे.

२०. रायफलीच्या स्कोपनं कधीच ‘बघू’ नका

जगभरच्या शूटिंग क्लबांत पहिल्याच दिवशी शिकवतात: जिकडं स्कोप, तिकडं नळी. समोरच्या झुडपात काय हललं हे रायफलीच्या स्कोपमधून पाहणं म्हणजे अनोळखी गोष्टीवर बंदूक रोखणं. तिथं गुराखी असू शकतो, मोळी आणायला गेलेली बाई असू शकते. शोधायला बायनॉक्युलर, नेमाला स्कोप. ज्याच्याकडे परवान्याची बंदूक आहे, त्यानं स्कोप घ्यायच्या आधी बायनॉक्युलर घ्यावा. हा खर्च सगळ्यात मोलाचा.

२१. निवडीचा झटपट तक्ता

– काम पन्नास मीटरच्या आत? दीडपट ते चारपट पुरे. लाल ठिपका असेल तर उत्तम.

– रेंजवर शंभर ते तीनशे मीटर? १-६ किंवा १-८ घ्या. चकत्या आणि फुली दोन्ही एकाच मापातल्या, मिल तर मिल, मिनिट तर मिनिट.

– पक्षी पाहायचेत? स्कोप विसरा, ८×४२ बायनॉक्युलर घ्या. चष्मा असेल तर डोळ्यापासूनचं अंतर १६ मिलिमीटरहून जास्त हवं.

– एअर रायफल? कमी अंतरावर स्पष्ट होणारा स्कोप विचारून घ्या. मोठ्या रायफलीचे बरेच छोटे स्कोप शंभर मीटर किंवा शंभर यार्डाच्या आसपास जुळवलेले असतात. दहा मीटरवर डोळा जरा हलला की त्यांची फुली लक्ष्यावरून सरकते.

– पाहणी दुकानाच्या ट्यूबलाइटखाली करू नका. सूर्य मावळताना बाहेर या आणि लांबची पाटी वाचा. जो स्कोप शेवटपर्यंत अक्षर दाखवतो तो तुमचा.

– पैसे मोजकेच असतील तर पटी सोडा, काच धरा. चांगल्या काचेचा १-४ हा वाईट काचेच्या १-१० पेक्षा रोज उपयोगी पडतो.

लिपरशेच्या तीनपटीपासून आजच्या आठपटीपर्यंत चारशे वर्षं गेली, आणि जाणकार माणसं अजूनही एकपटीला परत येतात. कारण शोधणं रुंद नजरेनं होतं आणि खात्री जवळच्या नजरेनं. दोन्ही ज्या नळीत मिळतात ती घ्या, पट कमी ठेवून सुरुवात करा आणि गरज पडेल तेव्हाच कडं फिरवा.